झेरॉक्स मशीनची नाकेबंदी

आमच्या झेरॉक्स मशीनने माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडत आणलं, असं आमच्या घरात अजूनही सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. मशीनचा काहीएक दोष नव्हता. दोष कुणाचा होता ते पुढे येईलच, आणि तुम्ही हुशार असाल तर आत्ताच तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या काळात लातूरला क्लासेसची अशी लाट आली होती, की ज्याच्या घरात एक खोली रिकामी होती त्याने बाहेर पाटी लावली. आमच्या दोन रिकाम्या होत्या. खाली क्लास, वर बिऱ्हाड. माझी बायको सुनंदा जीवशास्त्र शिकवायची. मी व्यवस्थापक होतो. म्हणजे नोट्सच्या प्रती काढायच्या, त्यांना पिना मारायच्या आणि पालक आले की गंभीर चेहरा करून 'मॅडम लेक्चरला आहेत' असं सांगायचं. एवढ्या कामासाठी मी स्वतःचं वेगळं टेबल, फिरती खुर्ची आणि 'व्यवस्थापक' असा शिक्का करून घेतला होता!

आमचं जुनं मशीन नोट्स काढता काढता गतप्राण झालं, तेव्हा मी हौसेने नवं मोठं मशीन आणलं. ते नेटला जोडलेलं होतं. ते प्रती काढायचं, स्कॅन करायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःचा ईमेल पत्ता होता! त्या पत्त्यावर कुणी काही पाठवलं की ते आपोआप छापून बाहेर. मुलांनी घरून शंका पाठवायच्या आणि सकाळी त्या कागदावर सुनंदाच्या टेबलावर हजर, अशी माझी योजना होती. (पहिल्या वर्षात एकूण तीन शंका आल्या. त्यांतल्या दोन 'मॅडम, उद्या सुट्टी आहे का?' अशा होत्या.) आईने मशीनला हळदकुंकू लावलं, हार घातला. मग नारळ हातात घेऊन ती कुठे फोडावा ते शोधू लागली, तेव्हा मात्र मी मशीनवर आडवा पडलो.

पण मशीनवर खरा जीव जडला तो आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. भूकंपानंतर त्यांनी महिनोन्‌महिने घरांच्या याद्या लिहिल्या होत्या. ढिगाऱ्यातून काढलेला चिखलाने माखलेला सातबारा छातीशी धरून माणसं त्यांच्या टेबलासमोर उभी राहायची. तेव्हापासून आबांचं मत पक्कं झालं होतं, कागदावर असेल तेच खरं. मोबाइलवर आलेला निरोप त्यांना निरोपच वाटायचा नाही.

"ते काचंत दिसतंय रे. उद्या काच फुटली तर कुणाला दाखवशील?" असं ते विचारायचे.

त्यामुळे पाठवलेलं पत्र थेट कागदावर उतरतं, असा पत्ता घरातच आहे म्हटल्यावर आबा हरखून गेले. त्यांनी तो परस्पर स्वतःचाच करून टाकला! विमा एजंटाला दिला, बियाण्याच्या दुकानात दिला, मोफत साखर तपासणाऱ्या शिबिरात दिला, मॉलच्या दारात बक्षिसाची चिठ्ठी भरून घेणाऱ्या पोरींना दिला. जो मागेल त्याला दिला, आणि ज्यांनी मागितला नाही त्यांनाही बोलावून दिला. आम्हाला याची काही कल्पना नव्हती.

मग एका सकाळी मी खाली आलो, तर मशीनने चाळीसेक कागद ओकून ठेवले होते. त्यात वजन कमी करायचा काढा होता, टकलावर केस उगवणारं तेल होतं, आणि कुठल्याशा परदेशातल्या श्रीमंत विधवा बाईचं इंग्रजी पत्र होतं, की मला कुणी वारस नाही, तुम्हीच आता माझे.

सुनंदाने ते पत्र आईला मराठीत सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकटी असंल बिचारी. प्रकाश, तिला दोन ओळी लिही की."

"अगं आई, ती लबाड बाई आहे!"

"तुला कसं ठाऊक? तू भेटलास का तिला?"

दुसऱ्या दिवशी साठ कागद. तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदांचा ट्रेच रिकामा! तो भरायच्या गडबडीत मी 'मानवी हृदयाची रचना' या नोट्सच्या प्रती काढल्या, पिना मारल्या आणि वाटून मोकळा झालो. वर्गात एक मुलगी हात वर करून उभी राहिली.

"मॅडम, पान सातवर टकलाचं दिलंय. ते परीक्षेला आहे का?"

मूळ नोट्समध्येच कचऱ्यातला एक कागद मिसळला होता, आणि साठ मुलांच्या संचात पान सात टकलाचं होतं! आणि त्यातल्या निम्म्यांनी तोपर्यंत त्याच्या महत्त्वाच्या ओळी अधोरेखितही केल्या होत्या. सुनंदा तास संपवून माझ्या टेबलापाशी आली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको ओरडली तर चालतं, तिने नुसतं बघितलं की घाम फुटतो.)

कळस झाला तो शनिवारी. मशीन आपोआप खडखडलं आणि त्यातून एकच कागद बाहेर आला. त्यावर इंग्रजीत जाड अक्षरांत लिहिलं होतं: तुमचं मशीन जगाला उघडं आहे. मी दूर देशातून आत येऊन हे छापलं. दार लावून घ्या.

आमच्या घरावर परदेशी हल्ला!

आईने मजकूर समजून घेतला आणि म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय. सांगून तरी गेला."

मी सलीमभाईंना फोन लावला. तीन पिढ्या गंजगोलाई बाजाराच्या बाजूला त्यांचं दुकान. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, वडील टाइपरायटर, आणि सलीमभाई मशीनं. ते आले, चष्मा कपाळावर चढवला, मशीनच्या पडद्यावर चार ठिकाणी बोट लावलं आणि कपाळाला हात मारला.

"साहेब, पासवर्ड अजून कंपनीचाच हाय! हा तर साऱ्या दुनियेला ठाऊक. अन् मशीन सरळ नेटवर खुलं ठेवलंय. बिलकुल खुलं! घराला दरवाजा बसवला अन् कडी लावायचीच राहिली."

"मग आता?"

"घाबरू नका. इंतजाम करतो."

त्यांनी मला एकेक समजावून सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. त्यांनी पासवर्ड बदलायला सांगितला. बाहेरून थेट मशीनपर्यंत येणारी वाट बंद केली, आता ते फक्त घरातल्या नेटवरूनच चालणार. मशीनच्या आतलं जुनं सॉफ्टवेअर ताजं केलं. आणि शेवटचं म्हणजे ईमेलसाठी ओळखीच्या पत्त्यांची एक यादी करायची, यादीतल्यांची पत्रं तेवढी छापायची, बाकी सगळं परस्पर बाद.

पासवर्डावर घरात बैठक झाली. आईने कुलदैवताचं नाव सुचवलं. सलीमभाई म्हणाले, "आई, ते तर अर्ध्या लातूरचं हाय." आबांनी निवृत्तीची तारीख सुचवली. ती त्यांनी दिवाणखान्यात मानपत्रासोबत फ्रेम करून लावलेली होती. शेवटी मी स्वतःच एक लांबलचक पासवर्ड केला, आणि तो कुणालाही सांगितला नाही. त्या क्षणी मला जे वाटलं ते मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांनाच वाटत असावं.

सलीमभाई निघताना उंबऱ्यात थांबले.

"एक बात ध्यानात ठेवा, साहेब. नको ते पत्र आलं की गुपचूप फेकायचं. जवाब नक्को! जवाब दिला की त्याला कळतं, घरात माणूस हाय."

मी मान डोलावली. पण डोलावली म्हणजे ऐकलं असं नव्हे.

आता ओळखीच्यांची यादी. जेवताना मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येकाला विचारलं. सुनंदाने मुलांचे आणि पेपर तपासणाऱ्यांचे पत्ते दिले. आबांनी मात्र सगळा जिल्हा सांगितला! जुने साहेब, पेन्शनवाले, उदगीरचे दोन वकील, बियाण्याचं दुकान. सगळं लिहून झाल्यावर ते आवाज खाली आणून म्हणाले, "अन् ते."

"ते कोण?"

आईने हातातली पळी माझ्यावर उगारली. "गप! नाव घ्यायचं न्हाई सांगितलंय ना? सगळं नीट ठरू दे आधी!"

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्या घरात मुलीचं लग्न ठरेपर्यंत पाहुण्यांचं नाव तोंडातून काढत नाहीत. दृष्ट लागते. माझी धाकटी बहीण शुभा, माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिला आठ दिवसांपूर्वीच नांदेडचे पाहुणे बघून गेले होते. मुलगा गुरांचा डॉक्टर, नोकरी देवणीला. देवणीची गाय दिसायला किती देखणी आणि लाथ मारायला किती अचूक, हे त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवून असं काही सांगितलं, की शुभा मोठ्याने हसली. आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुलीने हसायची पद्धत नाही. आधीच्या चार स्थळांसमोर ती बसली होती ती मीठ कमी पडलेल्या भाजीसारखी. या वेळी मात्र चहा झाल्यावर त्या मुलाने आपली कपबशी उचलली आणि स्वतः आत नेऊन ठेवली. शुभा नंतर सुनंदाला म्हणाली, "वहिनी, हे जमलं तर बरं होईल." एवढंच. पण शुभा जे बोलत नाही तेच जास्त असतं, आणि मला ते कळलं होतं. तिचं चांगलं व्हावं असं मला फार मनापासून वाटत होतं.

तर आबांचं 'ते' म्हणजे नांदेडचे. पण मशीनच्या यादीत 'ते' कसं लिहिणार? मशीनला पत्ता लागतो! आणि पाहुणे फोनच करतील असं मी गृहीत धरलं होतं. मी तो शब्द खोडला आणि पुढे गेलो. मुलाचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, ते निघताना आबांना विचारते झाले होते, 'निरोप कुठे कळवू?' आणि आबांनी छाती फुगवून मशीनचा पत्ता दिला होता. मी तेव्हा गल्लीत त्यांची गाडी वळवून देत होतो. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी मी एकटाच मशीनच्या पडद्यावर बोटं फिरवत बसलो होतो. हातात सत्ता आली की माणूस स्वस्थ बसत नाही. तिथे मला एक रिकामी चौकट दिसली. बाद केलेल्या पत्राला आपोआप पाठवायचा मजकूर! सलीमभाईंचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण आमच्या दारातून कुणी उत्तराशिवाय परत जात नाही, मग तो चोर का असेना! शिवाय एवढा पराक्रम करायचा आणि शत्रूला कळूच द्यायचं नाही, हे काही माझ्या मनाला पटेना. मी फिरती खुर्ची पुढे ओढली आणि मसुदा लिहायला घेतला. तीनदा खोडून चौथ्यांदा जमला तो असा:

'सदर पत्त्यावर आपले पत्र प्राप्त झाले. आपण कोण आहात हे आम्ही पुरते ओळखून आहोत. आपल्यासारख्यांची पत्रे आम्हांस रोज येतात. आपल्या गोड भाषेस व आमिषांस हे घर भुलणार नाही. पुन्हा संपर्क साधल्यास प्रकरण पोलिसांकडे देण्यात येईल, याची गंभीर नोंद घ्यावी. – व्यवस्थापक.'

मी तो घरात मोठ्याने वाचून दाखवला.

सुनंदा म्हणाली, "एवढं कशाला?"

आबांचे मात्र डोळे चमकले. "कडक! कचेरीत माझ्या हाताखाली असतास तर तुला कुठल्या कुठं नेला असता."

आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी मला शाबासकी दिली. मी बटण दाबलं.

आणि काय सांगू! मशीन शांत झालं. विधवा बाई गेली, तेल गेलं, काढा गेला. रोज सकाळी बाहेरचा ट्रे रिकामा! मी हवेत होतो. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, किराण्याच्या दुकानात मी लोकांना अडवून अडवून मशीनची सुरक्षा समजावून सांगू लागलो. शेजारच्या दोन क्लासवाल्यांनी मला त्यांची मशीनं बघायला बोलावलं आणि मी गेलोही, कपाळावर चष्मा चढवून. (मला चष्मा नाही. सुनंदाचा नेला होता.)

याच दिवसांत आबा रोज सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून मशीनसमोर खुर्ची टाकून बसू लागले. तासन्‌तास. मला वाटलं, माझं काम बघून म्हातारा भारावलाय. मी त्यांना चहा नेऊन द्यायचो.

"काहीच येत नाही ना, आबा?" मी अभिमानाने विचारायचो.

"न्हाई रे," ते खालच्या आवाजात म्हणायचे.

"येणारच नाही! आता कुणाच्या बापाची हिंमत नाही!"

आबा चहा तसाच ठेवून द्यायचे. वर आई देवासमोर बसून राहायची. शुभा कामावरून आली की आधी आबांच्या तोंडाकडे बघायची आणि मग वर जायची. चौथ्या दिवशी तिने जेवण अर्ध्यावर टाकलं. मी आईला म्हटलं, एक फोन करून विचारू का त्यांना? आई अंगावर आली. "मुलीकडच्यांनी घाई केलेली दाखवतेत व्हय? त्यांचा निरोप यायला पायजे!" म्हणजे निरोपाची वाट घरातले सगळे बघत होते, आणि निरोप दारातच अडवून ठेवणारा मी घरभर शीळ घालत फिरत होतो!

सहाव्या दिवशी दुपारी नांदेडहून मामांचा फोन आला. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. आवाज फोनशिवायही ऐकू आला असता.

"तुम्ही माणसं हाव का कोण? अरे, काय करून राहिले तुम्ही? पोरगी द्यायची नसंल तर न्हाई म्हणा! पोलिसात कशापायी देऊन राहिले?"

"कोण पोलिसात? काय मामा?"

"गुरुजींनी कागद आणून आपटला माझ्यापुढं! 'पुन्हा संपर्क साधल्यास प्रकरण पोलिसांकडे देण्यात येईल, व्यवस्थापक'! हा व्यवस्थापक कोण हाय रे?"

माझ्या हातातून स्टेपलर पडला, तो थेट पायावर. पण दुखलं ते मला संध्याकाळी कळलं.

मामांनी एकेक वाचून दाखवलं. गुरुजींनी पहिलं पत्र पाठवलं होतं: 'आम्हाला मुलगी मनापासून पसंत आहे. देण्याघेण्याचा विषय आमच्याकडे नाही. सुपारीचा दिवस आपण कळवावा.' त्याला माझ्या मशीनने बजावलं होतं, की आपल्या गोड भाषेस व आमिषांस हे घर भुलणार नाही! गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, की आमच्याविषयी काही वावगं कानावर आलं असेल तर मोकळेपणाने विचारा. उत्तर गेलं, की आपण कोण आहात हे आम्ही पुरते ओळखून आहोत! मग न राहवून डॉक्टरने स्वतः लिहिलं, 'शुभाशी मला एकदाच बोलता येईल का?' आणि त्या बिचाऱ्याला कळवण्यात आलं, की आपल्यासारख्यांची पत्रे आम्हांस रोज येतात!

"रोज कुणाची पत्रं येऊन राहिली रे तुमच्या पोरीला?" मामा ओरडले. "गुरुजींची बायको दोन दिवस हेच इचारून राहिली!"

मी फोन ठेवला आणि वळलो, तर मागे सगळं घर उभं होतं. आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुनंदा माझ्याकडे नुसती बघत होती. शुभा मात्र हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "दादा, म्हणजे त्यांचा होकार होता?"

"होता," मी म्हणालो. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

गुरुजींचा फोन लागला, पण कुणी उचलेना. मग अर्ध्या तासात आम्ही भाड्याच्या जीपमध्ये. आबा, आई, सुनंदा, मी, तज्ज्ञ साक्षीदार म्हणून सलीमभाई, आणि पुरावा म्हणून आलेल्या कचऱ्याचे दीडशे कागद. सलीमभाई वाटेत एवढंच म्हणाले, "जवाब नक्को म्हटलं होतं, साहेब." अहमदपूर येईपर्यंत त्यांनी ते चार वेळा म्हटलं.

शुभा आमच्याआधीच जीपमध्ये जाऊन बसली होती.

आई खेकसली होती, "उतर खाली! लग्नाआधी मुलगी पाहुण्यांच्या घरी जाती व्हय?"

"आई, आपण त्यांना पोलिसात देणार होतो. त्यापुढं मी गेलेलं काय एवढं मोठं?"

आई सरकून तिच्याशेजारी बसली. जीप निघाली.

नांदेडला गुरुजींनी स्वतःच दार उघडलं. आम्हा सहाजणांकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "या. आमच्याकडे आलेल्याला आत घेतात."

त्यांनी शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

आत टेबलावर माझ्या तिन्ही नोटिसा क्रमाने लावून ठेवल्या होत्या. एका ठिकाणी लाल पेनाने खूण होती. मुख्याध्यापक माणूस, राग आला तरी तपासल्याशिवाय राहवत नाही! डॉक्टर खिडकीपाशी उभा होता. शुभा आत आलेली बघून त्याने आधी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"व्यवस्थापक कोण?" गुरुजींनी विचारलं.

मी हात वर केला. बोट वर केलं म्हणा हवं तर. मग मी पुराव्याचा गठ्ठा त्यांच्यापुढे धरला. घाईत नेमका टकलावरच्या तेलाचा कागद वर आला होता. आणि गुरुजींच्या डोक्यावर केस म्हणून औषधालाही नव्हता! ते तो कागद वरपासून खालपर्यंत वाचू लागले. मी सलीमभाईंचा हात घट्ट धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"गुरुजी," सलीमभाई पुढे झाले, "माणूस वाईट न्हाई. लई जोशात येतो, एवढंच. असले कागद येऊ नयेत म्हणून दारात चौकीदार बसवला, अन् चौकीदाराला पाहुण्यांचं नावच न्हाई सांगितलं."

"नाव का नाही सांगितलं?"

आता सगळे आईकडे बघायला लागले. आईने पदर सावरला आणि खाली बघत म्हणाली, "सगळं ठरंपर्यंत नाव घेत न्हाईत ना आमच्यात. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून. चुकलंच माझं."

मग आतल्या दारातून गुरुजींच्या पत्नीचा आवाज आला. "आमच्यात बी न्हाई घेत!" त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांच्या वहीत बघा, 'लातूरचे ते' एवढंच लिहायला लावलं मी! फोनमधी बी तसंच! परवा ह्यांनी चिडून फोन लावला, तर लातूरच्या गॅसवाल्याला लागला अन् त्यालाच लई बोलले!"

आधी शुभा हसली. पहिल्यांदा हसली होती तशीच, मोठ्याने, पद्धत सोडून. मग डॉक्टर. मग दोन्ही विहिणी एकमेकींच्या हाताला धरून हसू लागल्या. आबा हसता हसता डोळे पुसत होते, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं. गुरुजी तेवढे गंभीर होते. त्यांनी तेलाचा कागद घडी करून खिशात घातला (हे फक्त मी बघितलं) आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आमचा होकार कायम आहे. पण एक अट आहे."

आबा सावरून बसले. "बोला. तुम्ही म्हणाल ते."

"लग्नपत्रिकेचा मसुदा व्यवस्थापकांनी लिहायचा नाही."

अट एकमताने मान्य झाली. एक मत माझंही होतं, ते कुणी विचारलं नाही. सुपारी फुटली, आबांना हवा होता तो होकार गुरुजींनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिला, आणि परत येताना जीपमध्ये शुभा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी अहमदपूरपर्यंत खांदा हलवला नाही.

लग्न लातूरलाच झालं. मशीनचा पासवर्ड तोवर सुनंदाने बदलला होता आणि तो मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होता. लग्नातली कामं वाटताना माझ्याविषयी बरीच चर्चा झाली. शेवटी सर्वांत सोपं काम मला देण्यात आलं. कार्यालयाच्या दारात उभं राहायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, आणि जो येईल त्याला काहीही न विचारता आत सोडायचं. चारशे माणसं मी हसतमुखाने आत सोडली. 'आपण कोण?' असं फक्त एकाच गृहस्थाला, हात आडवा घालून, जरा दरडावूनच विचारलं. आता, डोक्यावर फेटा बांधलेले गुरुजी मी त्याआधी कधी बघितले नव्हते.